भिशीचे साठ हजार आणि म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय

कोल्हापुरातील कदमवाडीच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे यजमान शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत नोकरीस आहेत आणि त्या स्वतः घरी शिवणकाम करतात. दोघांचे मिळून महिन्याला ५२,००० रुपये घरात येतात, त्यात ओव्हरटाइमचे सुमारे ७,००० रुपये धरलेले आहेत. घरकर्जाचा ११,२०० रुपयांचा हप्ता आणि भिशीचे ५,००० रुपये धरून खर्च ४५,५०० रुपयांपर्यंत जातो. घरात सासू-सासरे आहेत, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा आहे. या महिन्यात त्यांच्या नावाची भिशी लागली आणि ६०,००० रुपये हातात आले. दिवाळीच्या सुट्टीत म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय पाहावे असे सर्वांच्या मनात असून, एका सहल एजंटाने म्हैसूर-उटी-बंगळूर अशी पाच दिवसांची सहल सहा जणांसाठी ९८,००० रुपयांत देऊ केली आहे. त्यासाठी २,००० रुपये टोकन भरून झाले आहे. कमी पडणारी रक्कम आणि वरखर्च यांसाठी ४०,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज काढावे, पतसंस्थेतील ७५,००० रुपयांची ठेव मोडावी, की सासूबाई म्हणतात त्याप्रमाणे त्यांच्या पाटल्या तारण ठेवाव्यात, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील आकडे इतके नीट मांडलेले आहेत की मला फारसे काही विचारावे लागले नाही. तरीही सुरुवात मी एका आकड्याच्या दुरुस्तीने करतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. आपण ६०,००० रुपये ‘मिळाले’ असे लिहिले आहे. बारा जणांची, दरमहा ५,००० रुपयांची भिशी जुलैत सुरू झाली आणि चौथ्या चिठ्ठीला आपले नाव निघाले. म्हणजे आजवर आपण चार हप्ते, अर्थात २०,००० रुपये भरले आहेत. उरलेले ४०,००० रुपये हे इतर अकरा जणांनी आपल्यावर विश्वास ठेवून आगाऊ दिलेले पैसे आहेत आणि ते नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत फेडायचे आहेत. चिठ्ठीची भिशी असल्यामुळे त्यावर व्याज नाही, लिलावाची असती तर बोलीत काही रक्कम गेली असती, एवढाच फरक. व्याज नसले म्हणून ते कर्ज नाही असे होत नाही. शेवटच्या चिठ्ठीला ज्याचे नाव निघते त्याची ती बचत असते आणि पहिल्या-दुसऱ्या चिठ्ठीवाल्याचे ते कर्ज असते. आपण या दोहोंच्या मध्ये, पण कर्जाच्या बाजूला अधिक झुकलेल्या आहात.

यावर आपण म्हणाल, आणि ते म्हणणे चुकीचे नाही, की भिशीचा हप्ता पगारातून जातच आहे आणि ४५,५०० रुपयांच्या खर्चात तो धरलेलाच आहे, मग हाती आलेले पैसे मोकळे का समजू नयेत? ओव्हरटाइम सुरू आहे तोवर ते समजता येतील. परंतु आपणच पत्रात लिहिले आहे की गेल्या दोन महिन्यांत कारखान्यात ऑर्डरी मंदावल्या असून काही जणांचा ओव्हरटाइम बंद झाला आहे. तो आपल्या घरी बंद झाला तर महिन्याची ६,५०० रुपयांची शिल्लक संपून हिशेब ५०० रुपये उणे होतो. अशा महिन्यात बँकेला हप्ता पुढे ढकलण्याची विनंती करता येते, गल्लीतल्या भिशीत तसे करता येत नाही, कारण तिथे पैशाबरोबर तोंडही दाखवायचे असते. म्हणून ४०,००० रुपये सहलीच्या हिशेबात धरू नयेत, हे माझे पहिले आणि सर्वांत ठाम मत आहे.

कर्जाचा प्रश्न यानंतर बराचसा आपोआप सुटतो. तरी आकडा पाहून ठेवावा. ४०,००० रुपये १६ टक्के दराने बारा महिन्यांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ३,६३० रुपये बसतो आणि वर्षभरात व्याज साधारण ३,५५० रुपये होते. २ टक्के प्रक्रिया शुल्क व त्यावरील जीएसटी धरला तर आणखी ९४४ रुपये. एकूण साडेचार हजारांची ही किंमत काही प्राणघातक नव्हे, खरा त्रास हप्त्याचा आहे. आठ महिने भिशी आणि कर्ज असे दोन हप्ते शेजारी शेजारी चालतील, शिल्लक २,९०० रुपयांच्या आत येईल आणि ते संपण्याआधीच जूनमध्ये दोन मुलांची फी, वह्या आणि गणवेश समोर येतील.

पाटल्यांविषयी सासूबाईंनी जे म्हटले आहे (‘पाटल्या ठेवा, पण पोरांना जिराफ दाखवा’) ते वाचून मी क्षणभर आकडेमोड बाजूला ठेवली. सोनेतारण कर्जाचा दर वैयक्तिक कर्जापेक्षा बहुधा कमी असतो आणि ते मिळतेही लवकर. नेमक्या याच कारणासाठी ते आजारपणाच्या रात्रीसाठी राखून ठेवावे. शहात्तर वर्षांचे सासरे घरात असताना ती सोय सहलीसाठी वापरून टाकू नये.

पतसंस्थेतील ठेवही मोडू नये. ७५,००० रुपये म्हणजे आपल्या घराचा दोन महिन्यांचाही खर्च नव्हे. मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजात कपात होईल ती वेगळीच. येथे एक बाब लक्षात आणून देणे मला आवश्यक वाटते: बँकेतील ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. आपली पतसंस्था चांगलीच असेल. तरीही भिशीतील ४०,००० रुपये तिथे न ठेवता बँकेत आठ महिन्यांच्या ठेवीत किंवा वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत, म्हणजे सगळी पुंजी एका छताखाली राहणार नाही आणि ओव्हरटाइम थांबला तर भिशीचे हप्ते तिथून भरता येतील.

आता सहलीविषयी. आपण पत्रात तीन वेळा ‘प्राणिसंग्रहालय’ लिहिले आहे, उटीचा उल्लेख फक्त एजंटाच्या कागदावर आहे. सासरे नातवंडांना साठमारीतल्या हत्तींच्या झुंजींच्या आणि संस्थानात शिकारीसाठी पाळलेल्या चित्त्यांच्या गोष्टी सांगतात, त्यातून मुलांचा हट्ट सुरू झाला, असे आपण लिहिले आहे. (कोल्हापूरच्या मुलांना ही ओढ लागावी यात नवल नाही, राधानगरीचे गव्यांचे अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. पण गवा दिसेलच याची हमी नसते आणि जिराफाची तर नसतेच.) म्हणून एजंटाचा कार्यक्रम मी काळजीपूर्वक वाचला. पाच दिवसांच्या प्रवासात प्राणिसंग्रहालयासाठी ‘सकाळी १०.३० ते १.००’ एवढीच वेळ आहे. श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय १८९२ साली स्थापन झालेले, १५७ एकरांचे आहे आणि त्याची पूर्ण फेरी सुमारे तीन किलोमीटरची होते. सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारे आजोबा बरोबर असताना अडीच तासांत निम्मी फेरीही धड होत नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी आपण ९८,००० रुपये मोजणार, तिला पाच दिवसांतले अडीच तास मिळणार आणि उरलेला वेळ व पैसा घाटातल्या वळणांवर व बागांमध्ये जाणार. शिवाय या रकमेत ५ टक्के जीएसटी धरलेला आहे की नाही हे कागदावर लिहिलेले नाही. नसेल तर आणखी ४,९०० रुपये.

माझ्या आईला मी काही वर्षांपूर्वी अशाच एका मोठ्या प्राणिसंग्रहालयात नेले होते. वाघ, सिंह, पक्षी असे सगळे पाहायचे ठरवून आम्ही निघालो आणि ती हत्तींच्या आवारासमोरच्या बाकावर बसली ती दीड तास उठलीच नाही. एक हत्तीण सोंडेने माती उचलून पाठीवर टाकत होती, आणि प्रत्येक वेळी आई ‘आता बघ, आता डाव्या अंगाला टाकणार’ असे सांगत होती. तिचे चारातले तीन अंदाज बरोबर निघाले. टूरच्या गाडीचा हॉर्न वाजत असता तर हे घडले नसते.

तेव्हा फक्त म्हैसूर, स्वतःच्या वेळेने आणि रेल्वेने, असा हिशेब मी मांडून पाहिला. मिरजेहून बंगळूरसाठी रात्रीची गाडी आहे आणि तिथून म्हैसूरला जाण्यासाठी दिवसभर गाड्या मिळतात. थ्री-टियर एसीने सहा जणांच्या जाण्या-येण्यासाठी १६,००० रुपये धरावेत. बर्थ हवा असल्यास मुलांनाही पूर्ण भाडे पडते आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत रेल्वेने मार्च २०२० पासून थांबवलेली आहे, म्हणून ही रक्कम आपल्याला वाटली त्यापेक्षा मोठी दिसेल. दोन खोल्या तीन रात्रींसाठी १३,२००, जेवणखाण ८,०००, मिरजेपर्यंतचे जाणे धरून स्थानिक वाहन ५,०००, प्राणिसंग्रहालयाचे प्रवेशशुल्क व आजोबांसाठी तिथली बॅटरीची गाडी मिळून १,५००, राजवाडा वगैरे १,५०० आणि हाताशी ३,०००. एकूण ४८,२०० रुपये. प्राणी पाहण्याचा खर्च या सगळ्यात सर्वांत लहान रकमांपैकी आहे. त्यामुळे एक दिवस वाढवून तिथे दुसऱ्यांदा जावेसे वाटले तरी हात आखडू नये.

हे पैसे दिवाळीत नाहीत, जानेवारीत असतील. भिशीतले स्वतःचे २०,०००, अपेक्षित १८,००० रुपयांच्या बोनसमधून दिवाळीचे ६,००० वजा जाता १२,०००, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या तीन पगारांतून प्रत्येकी ५,५०० याप्रमाणे १६,५००. बेरीज ४८,५०० होते. मधल्या काळात ओव्हरटाइम बंद झाला तर एसीऐवजी स्लीपरने जावे, त्यात आठएक हजार वाचतात. तरीही कमी पडले तर फेब्रुवारीत जावे. काही जण पोस्टाच्या आवर्ती ठेवीचा विचार करतात, ती पाच वर्षांची योजना आहे, तीन महिन्यांच्या कामासाठी ती घेऊ नये. संक्रांतीनंतर सुट्टीची गर्दी ओसरलेली असते, खोल्यांचे भाव दिवाळीसारखे चढलेले नसतात आणि मुलांच्या दोन-तीन दिवसांच्या शाळेने फारसे काही बिघडत नाही. प्राणिसंग्रहालयाचा सुट्टीचा वार मंगळवार आहे, तो सोडून दिवस धरावा.

मी सहल पुढच्या दिवाळीवर ढकलण्याचा सल्ला देईन असे आपल्याला वाटले असेल. भिशी जूनमध्ये संपते, मग दरमहा ५,००० रुपये मोकळे होतात, हिशेबाला ते सोयीचे आहे. पण सासऱ्यांचे गुडघे आज एक किलोमीटर चालतात, वर्षाने किती चालतील हे कोणी सांगू शकत नाही. पैशाच्या सल्ल्यात वाट पाहणे नेहमी फुकट धरले जाते, इथे ते फुकट नाही. म्हणून तीन महिने थांबणे मला मान्य आहे, तेरा महिने नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना अगदीच घरी बसवू नये असे वाटत असेल, तर पुण्याला कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. १३० एकरांचे ते आवार १९९९ मध्ये सुरू झाले आणि कोल्हापूरहून जाताना पुण्याच्या अलीकडच्या टोकालाच लागते. एसटीने गेल्यास आपले यजमान पूर्ण तिकिटात, आपण व सासूबाई महिलांच्या सवलतीमुळे अर्ध्या, दोन्ही मुले अर्ध्या आणि पंचाहत्तरी ओलांडलेले सासरे विनामूल्य, असे सहा जण तीन पूर्ण तिकिटांच्या पैशांत जाऊन येतात. सासऱ्यांचे आधार कार्ड बरोबर ठेवावे. बुधवारी हे प्राणिसंग्रहालय बंद असते. ती म्हैसूरची भरपाई नव्हे. पण आजोबा किती चालतात आणि धाकटा किती वेळ कंटाळत नाही हे तिथे कळेल आणि म्हैसूरचा दिवस त्या अंदाजाने आखता येईल. हा खर्च मात्र दिवाळीच्या ६,००० रुपयांतूनच बसवावा, सहलीच्या पैशांतून नव्हे.

राहिले एजंटाला दिलेले २,००० रुपये. ते परत मागावेत, लेखी मागावेत, आणि उत्तर नकाराचे आले तर तिथेच सोडून द्यावेत. ते वाचवण्यासाठी उरलेले ९६,००० भरू नयेत. आपण त्यांना शनिवारपर्यंत कळवायचे कबूल केले आहे, ते शुक्रवारीच कळवून टाकावे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे २० जानेवारीला निघायचे ठरल्यास २१ नोव्हेंबरच्या सकाळी ८ वाजता तिकिटे काढण्यास बसावे लागेल. अर्जात सासू-सासऱ्यांचे वय अचूक भरावे, त्यांना खालचा बर्थ मिळण्याची शक्यता त्यावरच अवलंबून असते.