उजनीत १४ फुटी की १८ फुटी?

उजनी धरणाच्या पाण्यात कोणती बोट घ्यावी असं तुम्ही विचारलंय, आणि तिच्यासाठी तीन कामं सांगितली आहेत. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायचं, मधल्या काळात स्वतःची मासेमारी, आणि "कधीमधी" करमाळ्याच्या काठावरून इंदापूरच्या काठाला जायचं. समोर दोन बोटी आहेत, दोन्ही फायबरच्या. एक १४ फूट लांब, साडेचार फूट रुंद, १५ एचपीची. दुसरी १८ फूट लांब, ६ फूट रुंद, ४० एचपीची. पहिल्या दोन कामांना लहान बोट पुरून उरेल. निकाल लागतो तो त्या "कधीमधी"वर.

काठावर ज्याची बोट, त्याच्या दारात सगळं गाव. रस्त्याने पलीकडे जायचं तर केवढा वळसा पडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. आज कुणाला दहाव्याला जायचंय, उद्या कुणाची सोयरीक ठरायचीय, परवा कुणी म्हणणार "मोटारसायकल तेवढी टाक की, एकच तर आहे". चुलत्याला नाही कसं म्हणणार? म्हणून माझा ठोकताळा असा आहे: आपण किती जणांना नेणार यावर बोट घेऊ नका, किती जणांना नाही म्हणता येणार नाही यावर घ्या. त्यात लग्नसराई आणि वळवाचा पाऊस दोन्ही एप्रिल-मेमध्येच येतात. जास्तीत जास्त लोक मागे लागतात तेव्हाच दुपारनंतरचा वारा सगळ्यात बेभरवशाचा असतो. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तुम्ही त्याच पट्ट्यातले, तेव्हा अधिक लिहीत नाही.

आता माणसांचा हिशेब. २० फुटांच्या आतल्या बोटीसाठी जुना, सोपा नियम आहे: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. तुमच्या लहान बोटीला ४ माणसं येतात, मोठीला ७. हे सुद्धा शांत हवेत, आणि चालवणारा धरून. म्हणजे १४ फुटीत तुम्ही आणि तीन पाहुणे. चौथा पाहुणा बसला की बोटीचा काठ पाण्याच्या आणखी जवळ येतो, आणि उजनीच्या आखूड, उभ्या लाटांना तेवढं पुरतं.

लांबीपेक्षा रुंदीकडे जास्त बघा. बोट आडवी कलंडण्याला जो विरोध करते तो लांबीच्या साध्या प्रमाणात वाढतो, पण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. साडेचारची सहा फूट झाली की नुसत्या रुंदीमुळेच तो आकडा दुपटीच्या वर जातो, वर लांबीचा फायदा वेगळा. बोटी नुसत्या लाटेने कमी उलटतात. लाटेचं पाणी अंगावर आलं की सगळे एकदम दुसऱ्या बाजूला सरकतात, त्याने उलटतात. नवख्या माणसांना "हलू नका" सांगून उपयोग नसतो, ती हलणारच. ती हललेली सोसेल अशी बोट हवी.

म्हणून माझं मत: १८ फुटी घ्या.

इंजिनाबद्दल तुम्ही विचारलंय की ४० एचपी म्हणजे पेट्रोलचा खड्डा ना? तसं सरसकट नाही. पेट्रोल खातो तो थ्रॉटल (ॲक्सिलरेटर), इंजिनावरचा आकडा नाही. पूर्ण थ्रॉटलला ४० एचपीचं फोर-स्ट्रोक तासाला १४-१५ लिटर पितं हे खरं, १५ एचपीचं साडेपाचच्या आसपास. पण पक्ष्यांच्या फेरीत पूर्ण थ्रॉटल देणार कोण? बोट पाणी कापत हळू चालते तेव्हा तिचा वेग लांबी ठरवते. १४ फुटीला तो ताशी ९ किलोमीटरच्या आसपास, १८ फुटीला १० च्या. तेवढ्या वेगाला ४० एचपीचं इंजिन निवांत गुरगुरत असतं आणि तासाला दोन-तीन लिटरांत भागतं. रोहितांच्या थव्याजवळ तर इंजिन बंदच करायचं आणि बांबूने बोट ढकलायची. आवाज करत गेलात की थवा उठून गेला, आणि पाहुण्यांचे पैसे पाण्यात.

खरी गंमत लहान बोटीतच आहे. बोट पाण्यावर उचलून धावायला, ज्याला प्लेनिंग म्हणतात, एका एचपीमागे साधारण २०-२५ किलोच्या वर वजन चालत नाही. १४ फुटीचं अंग दीडशे किलो, इंजिन पन्नास, टाकी वीस, तुम्ही सत्तर धरले तर २९० किलो. १५ एचपी ते आरामात उचलतं. विक्रेता ट्रायल देतो ती अशीच, एकट्याने, आणि माणूस वेगावर भाळतो. तीन पाहुणे बसले की वजन पाचशे, म्हणजे एचपीमागे ३३ किलो. आता बोट उचलत नाही. नाक वर, शेपूट खाली, मागे लाटांचा डोंगर, आणि इंजिन पूर्ण थ्रॉटलला. पेट्रोल जळतं ते असं. १८ फुटीचं सात माणसांसह वजन साडेनऊशेच्या आसपास जाईल, ४० एचपीला ते एचपीमागे २४ किलो. काठावर आहे, पण उचलेल. त्याच बोटीला २५ एचपी लावून पैसे वाचवण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. पक्ष्यांपुरती बोट असती तर मीही दिला असता. समोरून वारा लागल्यावर पलीकडे पोचायला मात्र हाताशी जोर शिल्लक हवा. प्रोपेलर कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर ढकलणारा घ्या, ओझ्याला तोच बरा.

मोठ्या बोटीचा खरा त्रास पाण्यात नाही, काठावर आहे. पेपरात उजनी शून्य टक्के छापून येतं तेव्हाही धरणात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा असतो, आणि पुढे पाणी उण्यात जातं. २०२४ च्या जूनमध्ये उणे ५९ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. जानेवारीत घरामागे असलेला काठ मे महिन्यात पार लांब गेलेला असतो, मध्ये नुसता गाळ. १४ फुटी चार जण ओढत नेतील. १८ फुटी इंजिनासह साडेचारशे किलोच्या पुढे भरते, ती ओढायचा विचारही नको. ट्रॅक्टर घरचा आहे म्हणता, ते बरं झालं, पण ओल्या गाळात ट्रॅक्टरही रुततो. त्यापेक्षा पाणी हटायला लागलं की बोट पाण्यातच खोल बाजूला नांगरून ठेवा आणि तिच्यापर्यंत जायला एखादी पत्र्याची होडी ठेवा. इंजिन रात्री टिल्ट करून, म्हणजे पाण्याबाहेर वर उचलून, कुलूप घाला.

पाणी उतरल्यावर आणखी एक लचांड. शेतकरी पाण्याच्या मागे मागे मोटारी आणि पाइप सरकवत नेतात, त्यांच्या केबली काठालगत पाण्यात पडलेल्या असतात. शिवाय बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरी, बाभळीची खोडं. प्रोपेलर पाण्याखाली दोन फूट असतो. त्या दिवसांत उथळात शिरताना इंजिन शॅलो पोझिशनला (उथळ पाण्यासाठी थोडं वर) घ्या, टिल्टचं लॉक मोकळं ठेवा म्हणजे आदळल्यावर इंजिन वर उचलेल, आणि एक जादा प्रोपेलर बोटीत असू द्या. तंगूसच्या जाळीचे तुकडे शाफ्टला गुंडाळून ऑइल सील खातात. अधूनमधून प्रोपेलर काढून बघायला आळस करू नका. गिअर ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलं समजा.

जुनं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणता. कोकणातलं असेल तर जपून. खाऱ्या पाण्याने आतले पाण्याचे मार्ग खाल्लेले असतात, बाहेरून रंग नवा. ते थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला लावा, आधी तापवून ठेवलेलं नको. मागून पाण्याची पिचकारी सलग पडते का बघा. पेट्रोलबद्दलही: बहुतेक आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाच्या) पुस्तिकेत १० टक्के इथेनॉलची मर्यादा दिलेली असते आणि आपल्याकडे पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, मग पाणी टाकीच्या तळाशी बसतं. त्यामुळे पेट्रोल लागेल तेवढंच आणा, महिनोन्महिने टाकीत ठेवू नका, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवाच.

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावासाठी विचारलं असतंत तर डोळे झाकून लहान सांगितली असती. तिथे वाऱ्याला एवढं उघडं पाणीच मिळत नाही.

पाहुण्यांकडून पैसे घेणार असाल तर मेरीटाइम बोर्डाची नोंदणी आणि जलसंपदाची परवानगी आधी बघा, बोट घेतल्यावर नाही. लाइफ जॅकेट सातच्या सात, अंगात घातलेली; बाकाखाली रचून ठेवलेली जॅकेटं फक्त फोटोत दिसतात. किल-स्विचची दोरी तुमच्या मनगटाला, म्हणजे तुम्ही पडलात तर इंजिन बंद होईल. बांधणाऱ्याला विचारा की बाकांखाली बोट तरंगती ठेवणारा फोम भरलाय का, आणि उत्तरावर न जाता एक बाक उघडून दाखवायला सांगा. ट्रायल दुपारी चारनंतर घ्या, वारा असताना, सातही माणसं बसवून. विक्रेता सकाळी सातची वेळ देईल.