‘नाकारणे’साठी डिनाय, रिफ्यूज की डिक्लाइन?

एखादी गोष्ट खरी नाही असं म्हणायचं असेल तर ‘डिनाय’. काही करायला किंवा घ्यायला नकार द्यायचा असेल तर ‘रिफ्यूज’. मराठीत दोन्हीकडे ‘नाकारणे’ चालतं, म्हणून गोंधळ होतो. फरक वाक्यरचनेत स्पष्ट दिसतो: ‘ही रिफ्यूज्ड टू पे’ म्हणजे त्याने पैसे द्यायला नकार दिला, तर ‘ही डिनाइड पेइंग’ म्हणजे आपण पैसे दिलेच नाहीत असं तो म्हणाला. ‘डिनाइड टू पे’ ही रचना सर्रास कानावर पडते, पण ती टाळाच. ‘डिक्लाइन’ हा ‘रिफ्यूज’चा सौम्य पर्याय, आमंत्रणाला नाही म्हणताना तोच शोभतो. मात्र मागितलेली किंवा हक्काची गोष्ट कुणाला मिळू दिली नाही, तर तिथेही ‘डिनाय’ येतो: ‘ही वॉज डिनाइड बेल’, म्हणजे त्याला जामीन नाकारला.