बारावीनंतर पॅरामेडिकल: फी भरण्याआधीचे चार प्रश्न

बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिलं येतं. निकालाचे पेढे संपले की त्याच घरांतून मला विचारणा सुरू होते, "मॅडम, आता पुढे काय?" माझी पंचवीस वर्षं रक्त तपासण्यात आणि ते तपासायला मुलांना शिकवण्यात गेली. त्या अनुभवावरून या वेळच्या चार पत्रांना उत्तरं देते आहे.

प्रश्न: नीटमध्ये एमबीबीएस मिळेल इतके गुण नाहीत. मला लॅब टेक्नॉलॉजी करावंसं वाटतं, पण नातेवाईक म्हणतात, "त्यात काय, सुई टोचायची आणि मशीनमध्ये नळी ठेवायची." एक वर्ष थांबून पुन्हा नीट देऊ का? (विद्यार्थिनी, दापोली)

तुला एक प्रसंग सांगते. मी नोकरीत नवीन होते. भातलावणीचे दिवस होते आणि ओपीडी तापाच्या रुग्णांनी भरलेली होती. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाच्या) संशयाने एका काकींचं रक्त मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी आलं. मशीनने पोटॅशियम दाखवलं 9. ते साधारण 3.5 ते 5 असतं, 9 ला हृदय बंद पडू शकतं. मी रिपोर्ट घेऊन धावत निघाले, तेवढ्यात आमच्या वरिष्ठ बाईंनी थांबवलं. "कॅल्शियम बघ." ते 3 होतं, म्हणजे असायला हवं त्याच्या निम्मंही नाही. "आणि काकी कुठे आहेत?" काकी बाहेर बाकावर बसून चहा पीत होत्या.

झालं होतं ते असं. लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडलं, म्हणून कुणीतरी जांभळ्या झाकणाच्या नळीतलं थोडं तिच्यात ओतलं. जांभळ्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं, तेही पोटॅशियमचा क्षार म्हणून. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. म्हणून पोटॅशियम खोटं वाढलं आणि कॅल्शियम खोटं घसरलं. नवीन नमुना घेतला, दोन्ही आकडे ठीक आले. पहिला रिपोर्ट तसाच वॉर्डात गेला असता तर काकींवर नको ते उपचार सुरू झाले असते.

मशीनने त्याचं काम बरोबरच केलं होतं. चूक पकडली ती रसायनशास्त्राने आणि शरीरक्रियाशास्त्राने. म्हणून नातेवाइकांचं मनावर घेऊ नकोस. वर्ष थांबायचं की नाही, हे तुला डॉक्टरच व्हायचं आहे का, यावर ठरव. लॅबची ओढ खरी असेल तर थांबू नकोस. बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) ही तीन वर्षांची पदवी, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. आणि नीट दिलीस ते वाया गेलेलं नाही. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, श्रवण-वाचा उपचार या पदव्यांचे आपल्या राज्यातले प्रवेश नीटवरूनच होतात. प्रवेश होईपर्यंत अकरावी-बारावीच्या पुस्तकातले रक्ताभिसरण, उत्सर्जन आणि श्वसन हे धडे पुन्हा वाच. पहिल्या वर्षी मुलं अडकतात ती तिथेच.

प्रश्न: एका संस्थेत सहा महिन्यांत लॅब टेक्निशियनचं सर्टिफिकेट मिळतं, नोकरीची हमीही देतात. फी 85 हजार. मासेमारी बंद असल्याने पैसे उसने घ्यावे लागतील. भरू का? (एक वडील, मालवण)

भरू नका, दादा. 2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी, म्हणजे लॅब तंत्रज्ञासारख्या कामांसाठी, राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात या क्षेत्रातल्या पदविका किंवा पदवीसाठी किमान 2,000 तासांचं शिक्षण सांगितलं आहे, तेही दोन ते चार वर्षांत. फिजिओथेरपीसारख्या आरोग्यसेवा पदव्यांना किमान 3,600 तास. आता तुम्हीच हिशेब करा. रोज सहा तास, महिन्याला पंचवीस दिवस, असे सहा महिने शिकवलं तरी 900 तास होतात.

संस्थेत जाऊन तीनच गोष्टी विचारा. परीक्षा कोणतं विद्यापीठ किंवा मंडळ घेतं? मुलं प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात करतात? तिथे रोज किती रुग्ण येतात? मग त्या रुग्णालयात स्वतः जा आणि शिकत असलेल्या मुलांना विचारा, "आज किती जणांचं रक्त काढलंस?" पोर गप्प राहिलं तर समजा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न संस्थांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पैसे उसने घेण्याआधी तिथे कोणते तंत्रज्ञ अभ्यासक्रम चालू आहेत, त्याची चौकशी करून या.

प्रश्न: मुलीला एक्स-रे, सीटी स्कॅनकडे जायचं आहे. किरणांमुळे पुढे लग्नाला, मूलबाळ व्हायला अडचण येईल का? (एक आई, लांजा)

ताई, तुमची भीती मी समजू शकते. नियम पाळणाऱ्या विभागात तिचं काम सुरक्षित असतं. तिथे छातीवर टीएलडी नावाचा छोटा बिल्ला लावतात, किती किरणं लागली याची तो नोंद ठेवतो. दर तीन महिन्यांनी तो तपासला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा घातली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (हे किरणांची मात्रा मोजायचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. गरोदरपण कळताच मुलीने विभागाला सांगायचं, मग बाळासाठी मर्यादा फक्त 1 मिलिसिव्हर्ट राहील अशा बेताने कामाची आखणी करावी लागते. अंतरही राखायचं. यंत्रापासून दुप्पट लांब गेलं की किरणं चौपट कमी होतात. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तर एक्स-किरण नसतातच.

मला काळजी वाटते ती बिल्ला टेबलाच्या खणात ठेवून काम करणाऱ्यांची. किरणं अडवणारा शिसाचा एप्रन गरम होतो म्हणून तो खुंटीवर टांगून ठेवणारेही मी पाहिलेत. तुमच्या मुलीला पहिल्या दिवसापासून या दोन सवयी लागू देऊ नका.

प्रश्न: माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. डायलिसिस टेक्नॉलॉजीची इंग्रजी पुस्तकं झेपतील का? (विद्यार्थी, देवगड)

झेपतील. वैद्यकीय शब्द तुकड्यांनी बनतात, ते तुकडे पाठ कर. 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंडाचं, 'आयटिस' म्हणजे दाह, मग 'नेफ्रायटिस' आपोआप कळतो. रोज पाच शब्द वहीत लिही, अर्थ मराठीत.

आणि तुझी बोली सोडू नकोस. डायलिसिसमध्ये यंत्र रक्त गाळतं आणि जादा पाणी काढतं. ते साधारण चार तास चालतं, आठवड्यातून दोन-तीनदा. शरीरातलं पाणी भराभर काढलं गेलं तर रक्तदाब घसरतो. खाटेवरची आजी तेव्हा हळू आवाजात एवढंच म्हणते, "माका भोवळ येता." ते लगेच कळलं की तू बीपी बघशील, पाणी काढण्याचा वेग कमी करशील, तिचे पाय उंच करशील आणि डॉक्टरांना हाक मारशील.