घरात कोणाला काही कमी पडू न देता दरमहा पैसे कसे शिल्लक टाकावेत?

आपण लिहिले आहे की, आपला पगार ३८,००० रुपये आहे, चिंचवडला भाड्याच्या घरात आपण, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी असे तिघे राहता, चैन म्हणावी असा एकही खर्च नाही, तरी वीस तारखेनंतर ओढाताण सुरू होते आणि वर्षाअखेर हाती काही उरत नाही. रोजच्या कोणत्या सवयींनी पैसे वाचतील आणि ते करताना मुलीच्या वाट्याला काही कमी येणार नाही ना, असे आपण विचारले आहे. साताऱ्यात १९९५ पासून मी एका पगारावर घर चालवत आले आहे. सासूबाई होत्या तोवर आम्ही पाच जण होतो, आता तिघे आहोत. जे स्वतः केले आणि ज्याचा हिशेब माझ्या वहीत आहे, तेवढेच येथे लिहिते.

सुरुवात वहीपासूनच करावी लागेल. लग्नानंतर सासूबाईंनी मला दोनशे पानी वही दिली आणि रोज रात्री दिवसाचा खर्च लिहायला सांगितला. तीन महिन्यांनी बेरजा केल्या, तेव्हा किराणा आणि दूध यांच्या खालोखाल तिसरा मोठा आकडा ‘किरकोळ’ या सदराखाली निघाला. ‘किरकोळ म्हणजे काय काय आणलेस?’ असे त्यांनी विचारले आणि मला त्यातल्या निम्म्याही वस्तू सांगता आल्या नाहीत. त्या दिवसापासून आमच्या वहीत तो शब्द नाही. दोन रुपयांची सुई आणली तरी ती सुई म्हणूनच लिहिली जाते. आपल्याकडे हे किरकोळ आता मोबाइलमधून जात असणार. चहाचे वीस, रिक्षाचे चाळीस, मुलीच्या खाऊचे तीस असे पैसे कोड स्कॅन करून देताना पाकीट उघडावे लागत नाही, त्यामुळे ते गेल्याचे मनाला लागतही नाही. बँकेच्या नोंदींत सगळे असते, मग वही कशाला, असे आपल्याला वाटेल. पण बँकेची यादी पैसे कोणाला गेले एवढेच दाखवते, त्यातून काय आणले हे दाखवत नाही. किराणा दुकानाला दिलेल्या ६४० रुपयांत तूरडाळ किती आणि बिस्किटांचे पुडे किती, हे आपल्या हाताने लिहिल्याशिवाय कळत नाही. पहिले तीन महिने काहीही कमी करू नये, फक्त लिहावे, असा माझा आग्रह आहे. बेरीज समोर आली की कोठे हात आवरायचा हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही, आणि घरात त्यावरून वादही होत नाहीत.

दुसरी गोष्ट मला बरीच वर्षे उमगली नव्हती. मी गॅसमध्ये, भाजीत, रॉकेलमध्ये काटकसर करत होते आणि तरीही महिनाअखेर डबा रिकामाच असे, कारण एका ठिकाणी वाचलेले शंभर रुपये घरातच राहत आणि दुसऱ्या कोणत्या तरी खर्चात नकळत मिसळून जात. १९९८ मध्ये यजमानांनी पोस्टात ३०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी आधी तो हप्ता भरायचा, मग उरलेल्यात महिना काढायचा, असे ठरवले. पाच वर्षांनी, २००३ मध्ये, १८,००० रुपये मुद्दल आणि वरचे व्याज हाती आले आणि आमच्या घरातला पहिला फ्रीज आम्ही एकरकमी, कोणताही हप्ता मागे न लावता घेतला. वाचलेला पैसा त्याच महिन्यात घराबाहेर, सहज हात घालता येणार नाही अशा जागी गेला नाही, तर तो वाचला असे मी मानत नाही. आजही पोस्टाचे हे खाते दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते आणि त्याचे ६० हप्ते असतात. आपण १,००० रुपयांपासून आरंभ करावा. ५,००० ठरवून तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकवण्यापेक्षा ते बरे. कार्यालयातली किंवा सोसायटीतली भिशी मात्र मी सुचवणार नाही, कारण तिला व्याज नसते, कागद नसतो आणि एकाने हात वर केले की सगळ्यांचे पैसे अडकतात.

आता स्वयंपाकघराकडे येते, कारण आपल्यासारख्या घरात हाताशी असलेली बचत बहुतेक तेथेच असते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या कड्याजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. घरपोच देणाऱ्या माणसाला काटा लावायला सांगून दोन्ही आकड्यांची बेरीज पडताळून घ्यावी, तो आपला हक्क आहे. सिलिंडर लावल्याची तारीख आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. पूर्वी आमचा सिलिंडर ३३-३४ दिवस पुरायचा, तो पुढे ४५ दिवसांपर्यंत जाऊ लागला, आणि त्यासाठी कोणाच्या ताटातला एकही पदार्थ कमी केलेला नाही. डाळ तासभर आणि तांदूळ अर्धा तास भिजवते. कुकरमध्ये तळाला डाळ, मध्ये भात आणि वर बटाटे किंवा दुधी असे तीन डबे एकावर एक लावते, म्हणजे एकाच वाफेवर तिन्ही शिजतात. पहिली शिट्टी झाली की आच मंद करते, कारण कुकरात एकदा दाब धरला की मोठ्या आचेने अन्न लवकर शिजत नाही, शिट्ट्या मात्र वाढतात. दूध आणि उरलेली आमटी तापवण्याआधी अर्धा तास फ्रीजबाहेर काढून ठेवते. ज्योत निळी सोडून पिवळी दिसू लागली आणि भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर बर्नरची भोके बुजली आहेत असे समजावे आणि ती सुईने मोकळी करून बर्नर धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. गॅसची नळी मात्र मुदत संपण्याआधी बदलावी. तेथे आणि कुकरच्या झडपेवर पैसे वाचवू नयेत.

तुपाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण गेल्या वीस वर्षांत मी तूप विकत आणलेले नाही. आमच्याकडे रोज एक लिटर म्हशीचे दूध येते. ते तापवून निवले की फ्रीजमध्ये ठेवते, दुसऱ्या दिवशी वर आलेली जाड साय अलगद काढून झाकणाच्या डब्यात साठवते आणि नऊ-दहा दिवसांनी त्या सायीला चमचाभर विरजण लावते. सकाळी ती गार पाण्यात घुसळली की लोणी वर येते. ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर कढवते. कढताना होणारा चटचट आवाज थांबला आणि तळाची बेरी बदामी दिसू लागली, की त्याच क्षणी गॅस बंद करावा, नाहीतर तुपाला करपट वास येतो. दहा दिवसांच्या सायीतून पाव किलोच्या आसपास तूप निघते, ताकाची कढी होते, आणि बेरीत थोडी साखर घालून मुले ती पोळीबरोबर आवडीने खातात. बाजारात तुपाचा भाव किलोला सातशे रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे महिन्याला पाचशे रुपयांचे तूप आपण आधीच पैसे मोजलेल्या दुधातून मिळते. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या वरणात कणीक भिजवून केलेली थालीपीठे, फोडणीचा भात या गोष्टी आपल्या पत्नीला ठाऊक असतीलच.

वर्षाच्या बेगमीबद्दल मात्र सावधपणे सांगावे लागेल. ‘उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवा’ हा सल्ला आपल्याला सगळे देतील. तो वाड्यातल्या कोठीघरासाठी आणि दहा माणसांच्या कुटुंबासाठी योग्य होता. एका वर्षी मी एकदम दीड क्विंटल गहू भरला, उन्हे दाखवली, परंतु गहू पुरता निवण्याआधीच पिंपात ओतला. आतल्या उबेने झाकणाखाली पाणी सुटले आणि श्रावणात पाहते तो वरच्या थरात सोंडे झालेले. जवळजवळ पंधरा किलो गहू गेला आणि घाऊक भावात जे वाचले होते, त्यातून ते नुकसान भरून निघाले नाही. तिघांच्या घराने तीन महिन्यांपुरते, म्हणजे ३०-३५ किलो धान्य घ्यावे, चटचटीत उन्हात दोन दिवस वाळवावे, रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या पिंपात भरावे. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवला तर ती पावसाळाभर चांगली राहते.

कांदा मात्र जास्त घेऊन ठेवण्यासारखा आहे, पण कोणता, हे पाहून. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळी कांदा चार-पाच महिने टिकतो. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच आणावा. मे महिन्यात १५-२० किलो कांदा घेऊन हवेशीर जागी जाळीवर पसरावा, बटाट्यांशेजारी ठेवू नये आणि दर आठवड्याला हात फिरवून नासका बाजूला काढावा. पावसाळ्याच्या शेवटी बाजारात भाव चढतात, तेव्हा या साठ्याचे मोल कळते.

विजेच्या बाबतीत बहुतेक घरांत लक्ष चुकीच्या वस्तूकडे असते. मुलीने दिवा चालू ठेवला म्हणून आपण ओरडतो. पण ९ वॉटचा एलईडी दिवा १११ तास जळला तेव्हा कोठे एक युनिट होते, आणि २,००० वॉटचा गीझर तेवढीच वीज अर्ध्या तासात घेतो. आंघोळीच्या आधी दहा-पंधरा मिनिटे गीझर लावून पाणी तापले की बंद करण्याची सवय लावावी आणि सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरकाव्यात. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, पंखा ३० वॉटच्या आसपास. घरातले सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही; जो रात्रभर चालतो तो एकच बदलावा. दिवसाला दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १३-१४ युनिटे वाचतात आणि पंख्याची किंमत साधारण दोन-अडीच वर्षांत वसूल होते. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि १०१ ते ३०० युनिटांचा बराच चढा असतो. आपला वापर शंभराच्या वर असेल, तर वाचलेले प्रत्येक युनिट त्या महागड्या टप्प्यातून कमी होते, हे बिल हातात घेऊन पत्नीसह एकदा वाचावे.

घरपोच सामान मागवण्याची सवय आपल्याला असेल, तर ती वहीत वेगळ्या पानावर लिहावी. घरपोच खर्च माफ व्हावा म्हणून अमुक रकमेची भरती करण्यासाठी आपण जे दोन पुडे जास्तीचे घेतो, त्या पुड्यांची महिन्याची बेरीज माझ्या थोरल्या मुलीच्या घरी ९०० रुपयांवर गेली होती.

औषधांचे दोन शब्द. यजमानांची रक्तदाबाची गोळी आम्ही डॉक्टरांना विचारून, तोच घटक आणि तीच मात्रा पाहून, जनऔषधी केंद्रातून घेऊ लागलो आणि तो खर्च निम्म्याहून खाली आला. डॉक्टरांना न विचारता गोळी बदलू नये, आणि पैसे वाचवण्यासाठी एक दिवसाआड तर कधीच घेऊ नये. गावी जाताना एसटीने गेल्यास १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागते आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धेच, त्यामुळे आपल्या तिघांचा प्रवास दोन तिकिटांत होतो.

राहिला मुलीचा प्रश्न. आमच्या दोन्ही मुलींचे दूध, फळे, चष्मा, डॉक्टर आणि पायातले जोडे यांत मी कधीही काटछाट केली नाही. या नोंदी वहीत असत, पण त्यांच्यापुढे कमी करण्याची खूण मी कधी केली नाही. वरच्या वर्गातल्या शेजारच्या मुलांची पुस्तके घेऊन त्यांना नवी कव्हरे घालणे, वाढत्या वयाचे कपडे मावस-मामे भावंडांत फिरवणे, वाढदिवसाला घरी केक करून बिल्डिंगमधल्या मुलांना बोलावणे, यात त्यांना उणे वाटले नाही, कारण आमच्या भोवतीची सगळी घरे तसेच करत होती. आपल्या मुलीच्या शाळेत परिस्थिती वेगळी असू शकेल, तेव्हा तिच्या वयाला साजेल एवढे तिला सांगावे आणि एखादे काम तिच्याकडे द्यावे. आमच्या धाकटीकडे सिलिंडर बदलल्याची तारीख लिहिण्याचे काम होते. पाच वर्षांच्या मुलीला आकडे येऊ लागले असतील, तर पुढचा सिलिंडर लागेल त्या दिवशी कॅलेंडर आणि पेन तिच्या हातात द्यावे.