न्यू हॅम्पशायरमध्ये गिरणीचा जुना बंधारा घेऊन वीज करायची असेल तर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरकडे धरणाच्या पायथ्याशी असलेल्या लघु जलविद्युत संचांवर बारा वर्षं काम झालंय. पत्नीला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू हॅम्पशायरमध्ये नोकरी लागली आहे आणि तुम्ही जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर जाणार. तिथं एक बंद पडलेली गिरणी बंधाऱ्यासकट विक्रीला आहे, तिच्यावर ८० किलोवॉटचा संच बसवायचा विचार आहे. ‘एवढ्याशा संचाला राज्य सरकारची परवानगी पुरेल ना?’

बहुतेक नाही पुरणार. ‘एवढासा’ हा शब्द तर विसराच. अमेरिकेत संच किती किलोवॉटचा आहे यावर केंद्राचा अधिकार ठरत नाही. पाच किलोवॉटलाही तो लागू होऊ शकतो. किलोवॉटचा प्रश्न येतो तो पुढं, कुठल्या प्रकारचा अर्ज करायचा हे ठरवताना.

आपल्या सवयीनं विचार केला की इथं गफलत होते. भारतात पाणी राज्याच्या यादीत. विद्युत कायदा २००३च्या कलम ७नुसार वीजनिर्मितीला परवानाच लागत नाही, आणि ठरावीक खर्चाच्या वरच्या जलविद्युत योजनाच कलम ८नुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे जातात. त्यामुळे लहान संचवाला जलसंपदा, मेडा (राज्याची ऊर्जा विकास संस्था) आणि महावितरण एवढ्यातच फिरतो, त्याला दिल्ली गाठावी लागत नाही. अमेरिकेत चित्र उलटं आहे. खाजगी जमिनीवर सौर पॅनल लावा, पवनचक्की उभारा, केंद्राचा असा परवाना लागत नाही. पाण्याच्या विजेला मात्र १९२० पासून लागतो. तो कायदा १९३५ मध्ये फेडरल पॉवर ॲक्टचा पहिला भाग झाला आणि १९७७ पासून त्याची अंमलबजावणी फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन करतं. सगळे त्याला ‘फर्क’ म्हणतात, आणि नाव सार्थ आहे.

त्या कायद्याच्या कलम २३(ब)मध्ये चार कसोट्या आहेत. चारपैकी एकीत सापडलात तरी परवाना लागतो. पहिली, नदी नौकानयनयोग्य आहे का. आज तिथं होडी चालते का हे कोणी बघत नाही, इतिहास बघतात. पूर्वी व्यापारासाठी ओंडके वाहून नेल्याची नोंद निघाली तरी नदी या व्याख्येत बसू शकते. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे न्यू हॅम्पशायर ज्यात येतं त्या ईशान्येच्या भागात, लाकूडतोडीचा धंदा किती मोठा होता हे लक्षात घ्या. १९४०च्या ॲपलाचियन इलेक्ट्रिक पॉवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असंही ठरवलं की वाजवी सुधारणा करून नदी वापरता आली असती तरी ती नौकानयनयोग्यच. दुसरी कसोटी केंद्राच्या जमिनीची. नुसता पेनस्टॉक, म्हणजे टर्बाइनला पाणी नेणारा नळ, राष्ट्रीय वनाच्या हद्दीतून गेला तरी पुरे, मग संच ग्रिडला जोडलेला नसला तरी सुटका नाही. तिसरी, केंद्र सरकारच्या धरणाचं पाणी वापरणं. ही तुम्हाला लागू नाही.

चौथी कसोटी मात्र तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. नदी नौकानयनयोग्य नसेल, पण अशा नदीची उपनदी असेल, बांधकाम किंवा त्यातला बदल २६ ऑगस्ट १९३५ रोजी किंवा नंतर झाला असेल आणि आंतरराज्य व्यापारावर परिणाम होत असेल, तर परवाना हवा. ८० किलोवॉटनं कसला आंतरराज्य व्यापार हलतो, असं वाटेल. पण ग्रिड राज्यांच्या सीमा ओलांडते, तिला तार जोडली की परिणाम झाला असं धरतात. १९६५ मध्ये मिसुरीतल्या टॉम सॉक प्रकल्पाच्या खटल्यात हे पक्कं झालं. नेट मीटरिंगही, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करून घेणंही, याच खात्यात जातं. वीज विकत नाही, स्वतःच वापरतो, हा बचाव इथं चालत नाही, कारण तुम्ही ग्रिडमधून तेवढी कमी घेता.

विकणारा हमखास सांगेल की बंधारा १८९० चा आहे, १९३५ च्या आधीचा, तुम्हाला काही लागत नाही. बंधाऱ्यापुरतं ते खरं असेलही. पण टर्बाइन काढून नेलेलं, विद्युतगृह ओस पडलेलं आणि तुम्ही नवा संच बसवणार, तर ते १९३५ नंतरचं बांधकाम धरलं जातं. चालू संचाची डागडुजी वेगळी आणि बंद पडलेला प्रकल्प पुन्हा उभा करणं वेगळं. दगडाचं वय दाखवून इथं भागत नाही.

खात्री नसेल तर स्वतःच विचारून घ्या. त्याला ‘डिक्लरेशन ऑफ इंटेन्शन’ म्हणतात. त्यात नदीचं नाव, काउंटी, अक्षांश-रेखांश, बंधाऱ्याची उंची, जलाशयाचं क्षेत्र, हेड (पाणी किती उंचीवरून पडतं ते), बांधकामाच्या तारखा, जमिनीची मालकी आणि वीज कुठं जाणार हे लिहायचं, सोबत नकाशे. उत्तर लेखी मिळतं. तोवर कुदळ मारू नका. आधी बांधून मग विचारणाऱ्याकडून परवान्याचा अर्ज तर मागतातच, वर दिवसागणिक दंडाची तरतूदही कायद्यात आहे.

समजा अधिकार केंद्राचा निघाला, आणि ग्रिडला जोडणार असाल तर निघेलच. मग दोन वाटा आहेत. पूर्ण परवाना पन्नास वर्षांपर्यंतचा मिळतो, त्याच्यासोबत सक्तीनं जमीन संपादनाचा हक्क येतो, पण अभ्यास, सुनावण्या, आक्षेप यांत काही वर्षं जातात. दुसरी वाट म्हणजे सूट. आधीपासून असलेल्या बंधाऱ्यावर १० मेगावॉटपर्यंत ती मिळते. ही मर्यादा २०१३ पर्यंत ५ होती. सुटीला मुदत नसते, ती कायमची. ८० किलोवॉटला हीच वाट बरी.

पण ‘सूट’ या शब्दाला भुलू नका. सूट परवान्यातून मिळते, देखरेखीतून नाही. मासे आणि वन्यजीव खात्यांनी घातलेल्या अटी सुटीमध्ये जशाच्या तशा बंधनकारक असतात, फर्कलाही त्या सौम्य करता येत नाहीत. जमीन संपादनाचा हक्क नसतो, म्हणून केंद्राच्या जमिनीखेरीज लागणारी सगळी जागा, म्हणजे दोन्ही तीरांचे टेकू, कालवा, विद्युतगृह, पाणी चढतं ती जमीन, आधीच तुमच्या हक्कात हवी आणि तसे कागद अर्जाला जोडावे लागतात. जुन्या गिरण्यांच्या सौद्यात नेमकं इथंच अडतं. अलीकडचा काठ विक्रेत्याचा असतो, पलीकडचा टेकू शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर, म्हणजे तिथल्या भाषेत त्याच्या डीडवर. मग शेजारी म्हणेल ती किंमत. शिवाय दोन वर्षांत काम सुरू आणि चार वर्षांत पूर्ण झालं नाही तर सूट रद्द होऊ शकते.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, बहुतेक जण ती शेवटी वाचतात. अर्ज करता येतो तो अमेरिकी नागरिकाला, नागरिकांच्या संघटनेला, तिथल्या कायद्यानुसार नोंदलेल्या कंपनीला, नगरपालिकेला किंवा राज्याला. एच-४ राहू दे, ग्रीन कार्डवरही स्वतःच्या नावानं अर्ज चालत नाही. म्हणजे आधी एलएलसी, तिथली मर्यादित दायित्वाची कंपनी. तीत तुमचा वाटा असायला हरकत नाही, पण मालक असणं वेगळं आणि तिथं काम करणं वेगळं. एच-४वर कामाची परवानगी आपोआप येत नाही. पत्नीचं आय-१४० (तिच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर झालं असेल किंवा तिला एच-१बीच्या सहा वर्षांपुढं मुदतवाढ मिळाली असेल, तेव्हा ती मागता येते. रोज टर्बाइनच्या तोंडावरची कचरा अडवणारी जाळी साफ करणं, गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारं यंत्र) लावणं हे कामच आहे. स्थलांतराच्या वकिलाला हा प्रश्न नेमक्या याच शब्दांत विचारा. तसंच आराखड्यावर सही लागते ती पीई, म्हणजे तिथला परवानाधारक अभियंता, असलेल्याची. आपली बीई त्याला थेट पुरत नाही. आधी एफई ही पायाभूत परीक्षा, मग अनुभव, मग पीई. तयारी कोल्हापुरातूनच सुरू केलीत तर मधला काळ वाया जाणार नाही.

आता पाण्याचं बोलू. तुम्ही दिलेले आकडे धरू या: ९० क्युसेक, १४ फूट हेड. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ९० गुणिले १४ भागिले ११.८ (क्युसेक आणि फुटांवरून किलोवॉट काढायचा भाजक) गुणिले ०.७५ म्हणजे ८० किलोवॉट. गणित बरोबर आहे, पण पाणी सगळं तुमचं नाही. गिरणीला कालवा असेल, म्हणजे बंधाऱ्यावर पाणी उचलून खाली तीनशे फुटांवर सोडायचं असेल, तर मधला नदीचा तुकडा कोरडा पडतो. न्यू इंग्लंडमध्ये केंद्राचं मत्स्य व वन्यजीव खातं तिथं किमान प्रवाह मागतं. दुसरा अभ्यास नसेल तर सुरुवात दर चौरस मैल पाणलोटाला अर्धा क्युसेक या हिशोबानं होते. पाणलोट ४५ चौरस मैल म्हणजे २२.५ क्युसेक. ९० मधून ते वजा केले की उरले ६७.५, आणि संच आला ६० किलोवॉटवर. हाही भरल्या नदीचा आकडा. तिथं पूर मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर येतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नदी रोडावते. आपलं वेळापत्रक बरोब्बर उलटं! ऑगस्टमध्ये नदीत २५ क्युसेक असतील तर तुमच्या वाट्याला अडीच येतात, टर्बाइन त्यावर फिरणारही नाही. म्हणून कालवा विसरून बंधाऱ्याच्या पायथ्याशीच संच बसतो का ते बघा. तुमचा हातखंडा तोच आहे, आणि कोरडा तुकडा राहत नसल्यामुळं या अटीतलं बरंचसं दुखणं तिथंच संपतं.

अट जवळजवळ नेहमी ‘रन ऑफ रिव्हर’ची असते. जेवढं पाणी येतं तेवढं त्या क्षणी खाली गेलं पाहिजे, रात्री साठवून संध्याकाळी सोडणं बंद. बंधाऱ्याच्या माथ्यावर फूट-दीड फूट उंचीच्या लाकडी फळ्या दिसतील, त्यांना फ्लॅशबोर्ड म्हणतात. हेड वाढतं त्यांच्यामुळं, पण जुन्या मंजूर आराखड्यात त्या आहेत का ते बघा. नसतील तर १४ फूट हे हेड कागदावर १२.५च आहे.

माशांसाठी जाळीच्या पट्ट्यांतलं अंतर बऱ्याचदा एक इंच किंवा त्याहून कमी मागतात. ईल माशांना वर चढायला उतार आणि शरद ऋतूत ते समुद्राकडे उतरतात तेव्हा रात्री संच बंद, अशाही अटी येतात. बारीक जाळीचा दुसरा ताप हिवाळ्यात. शून्याच्या किंचित खाली गेलेल्या वाहत्या पाण्यात बर्फाचे बारीक कण तरंगतात, त्यांना फ्रेझिल म्हणतात. ते लोखंडी पट्ट्यांना चिकटतात आणि एका रात्रीत जाळी भिंतीसारखी बंद करतात. कोल्हापुरात जाळीवर जलपर्णी काढलेल्या माणसानंही याचा अंदाज बांधू नये. जाळी पाण्याच्या बऱ्याच खाली घेणं आणि प्रवेशाचा वेग कमी ठेवणं हे आराखड्यातच करावं लागतं, नंतर कुऱ्हाड घेऊन नव्हे.

बंधारा ३३ फुटांपेक्षा उंच असेल, साठा २,००० एकर-फुटांपेक्षा, म्हणजे साधारण ०.०९ टीएमसीपेक्षा, जास्त असेल, किंवा फुटल्यास खाली जीवितहानी होण्यासारखी असेल, तर दर पाच वर्षांनी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करावी लागते. उंची आणि साठ्यात तुम्ही बसणार नाही, पण खाली वस्ती असेल तर तिसरी अट लागू होते. यातला खर्च विजेच्या उत्पन्नाला खाऊन टाकतो. मिशिगनमधल्या एडनव्हिल धरणाचं उदाहरण वाचून ठेवा. सांडव्याची क्षमता वर्षानुवर्षं वाढवली नाही म्हणून २०१८ मध्ये परवाना रद्द झाला आणि देखरेख राज्याकडे गेली. १९ मे २०२० रोजी धरण फुटलं. तांत्रिक कारण सांडवा नव्हतं, मातीच्या भरावाचं स्टॅटिक लिक्विफॅक्शन, म्हणजे भूकंपाशिवायच ओली माती ताकद गमावून वाहू लागणं, होतं. पण परवाना गेला म्हणून बंधाऱ्याची जबाबदारी कुठं जात नाही, हे कळायला ते पुरे. मालक तुम्हीच राहता.

राज्याचं थोडक्यात. सूट आणि परवाना दोन्हीच्या अर्जाआधी केंद्र आणि राज्याच्या खात्यांशी सल्लामसलत लागते. परवान्याला क्लीन वॉटर ॲक्टच्या कलम ४०१चं पाण्याच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्रही लागतं, आणि राज्याचा खरा हात तिथं असतो. किमान प्रवाहाची अट त्यातून घालता येते हे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलंय. गिरणी जुनी असल्यानं ऐतिहासिक वारसा कार्यालयही मत देतं, म्हणून विटांची भिंत पाडून नवं विद्युतगृह असा आराखडा नेऊ नका. ग्रिडजोडणी वीज कंपनी आणि राज्याच्या आयोगाच्या नियमांनी.

बयाणा देण्याआधी फर्कच्या ई-लायब्ररीत नदी, गाव आणि बंधाऱ्याचं नाव टाकून शोधा. फुकट आहे. ‘पी’नं सुरू होणारा क्रमांक म्हणजे परवाना, सूट किंवा नुसती प्राथमिक परवानगी. या शेवटच्या कागदावर बांधकामाचा कसलाच हक्क नसतो, फक्त अर्जाच्या रांगेतला अग्रक्रम असतो. तीही दुसऱ्या कोणाच्या नावावर असू शकते. ‘यूएल’ क्रमांक दिसला तर विनापरवाना प्रकल्प म्हणून फर्कनं इथं आधीच चौकशी केलेली आहे, तो आदेश अथपासून इतिपर्यंत वाचा. ‘डीआय’ असेल तर अधिकाराचा प्रश्न कोणीतरी आधीच विचारलाय, तुमचं निम्मं काम झालं. १९८०च्या दशकात दिलेली सूट जिवंत निघाली तर सौदा पुष्कळ सोपा होतो. ती जमिनीबरोबर येते, पण हस्तांतरानंतर ३० दिवसांत नव्या मालकाचं नाव-पत्ता कळवावं लागतं, आणि जुन्या अटींसह, ‘खातं सांगेल तेव्हा मत्स्यमार्ग बांधेन’ या ओळीसकट, ती तुमची होते. विक्रेत्याकडे त्या आदेशाची प्रत, दोन्ही काठांचे डीड आणि शेवटचा तपासणी अहवाल मागा. अहवाल नाही म्हणाला तर तुमच्या खर्चानं बंधाऱ्याची पाहणी करून घ्या आणि मगच किमतीचं बोला.