तळ्याकाठच्या हॉटेल-ब्रँड घरात राहायला येताय?
अभिनंदन! फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत फोर सीझन्ससारख्या हॉटेल-ब्रँडच्या वसाहतीत घर घेताना एक लक्षात ठेवा: घर तुमचं, नाव उसनं. हॉटेल कंपनीबरोबरचा करार किती वर्षांचा, तो संपला तर पाटी उतरणार का, हे वकिलाकडून वाचून घ्या. नवखे नेमकं हेच सोडतात आणि ओट्याचा दगड निवडण्यात महिना घालवतात.

- देखभाल शुल्कात काय येतं ते लेखी घ्या. साफसफाई, घरपोच जेवण यांचं बिल बहुधा वेगळं.
- कायम राहणार असाल तर होमस्टेड सवलतीचा (स्वतःच्या राहत्या घरावरच्या मालमत्ता करातली सूट) अर्ज १ मार्चपर्यंत.
- फ्लोरिडाच्या तळ्यांत अॅलिगेटर असतात. काठावर कुत्रं मोकळं सोडू नका, लहान मुलंही एकटी नकोत; तिन्हीसांजेनंतर तर मुळीच नाही.

भाड्याने देण्याचं गणित पहिल्या वर्षी नको. आधी निवांत राहून बघा.