डोकी मोजू नकोस, महिने मोज

अनेक आशीर्वाद.

वेगवेगळ्या देशांच्या सैन्यांच्या पगारखर्चाचा तुझा तक्ता काल रात्री पुन्हा काढून बसलो. बेरजा चोख आहेत, आकडा मात्र फुगलाय. वर्षअखेरच्या संख्याबळाला सरासरी पगाराने गुणलंस, गडबड तिथेच आहे. माझाही पहिला अंदाज याच कारणाने परत आला होता, म्हणून सविस्तर लिहितोय.

समज, वर्षारंभी सैन्यात 1,00,000 जण होते, वर्षअखेरीस 1,04,000 झाले. वाढलेले चार हजार शेवटच्या तिमाहीच्या पहिल्या दिवशी रुजू झाले असतील, तर त्यांचा पगार तीनच महिन्यांचा. म्हणजे वर्षभराच्या हिशेबात हजारच जण वाढले. पगार 1,01,000 जणांचा धरायचा. दोन टोकांची सरासरी काढून 1,02,000 धरलेस तरी चुकेल. भरती आणि निवृत्ती महिनावार मांड.

शिवाय हे सगळे नवखे, सर्वांत खालच्या हुद्द्याचे. त्यांना सरासरी पगार लावून कसं चालेल? उलट भरती थांबवली की संख्या घटते, पण मागे राहतात ते जुने, चढ्या पगाराचे. माणशी खर्च वाढतो आणि अपेक्षेएवढी बचत होत नाही. कपातीचे अंदाज इथे हमखास फसतात. हुद्दा आणि सेवेची वर्षं यांचा तक्ता केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

भत्ते जोड; घर, रेशन, दवाखाना यांचा खर्च दुसऱ्या खात्यावर पडत असेल तर तो तिथूनही उचल.

निवृत्तिवेतनावर मात्र थांब. अमेरिकेत 1984-85 पासून आजच्या सैनिकांच्या उद्याच्या निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी निधीत रक्कम टाकतात. भारताच्या अंदाजपत्रकात दिसतं ते आधीच निवृत्त झालेल्यांना या वर्षी द्यायचं निवृत्तिवेतन. हे दोन आकडे तू शेजारी ठेवून तुलना केलीस. ती काढून टाक.

सक्तीच्या भरतीचं सैन्य स्वस्त दिसतं, त्यालाही भुलू नकोस. अमेरिकेत सक्तीची भरती बंद करण्याचा विचार करणाऱ्या गेट्स आयोगाने 1970 साली स्पष्ट म्हटलं होतं, की सक्तीने आणलेल्या तरुणाला बाजारभावापेक्षा कमी पगार देणं हा त्याच्यावरचा छुपा करच आहे. तिथली सक्ती 1973 मध्ये संपली. त्याआधीच, 1971 मध्ये, नवख्यांचे पगार भरघोस वाढवावे लागले. तोवर हा बोजा त्या पोरांच्या खिशातून जात होता, सरकारच्या वहीत नव्हता. तुझ्या तक्त्यात सक्तीच्या भरतीचे दोन देश आहेत. त्यांच्यासमोर वेगळी खूण कर आणि महिनावार तक्ता तयार झाला की लगेच पाठव.